ढोलाच्या पानावरचे गाव

मावशीच्या साताऱ्याच्या घरी वहीच्या पानाएवढे एक चित्र गेली अकरा वर्षे काचेच्या चौकटीत लावलेले होते. तिच्याकडे चित्रकला शिकलेल्या एका मुलाने नोकरीनिमित्त इक्वेडोरला गेल्यावर ते पाठवले होते. निळ्या आभाळाखाली बर्फाचा डोंगर, त्याला माणसासारखे डोळे आणि नाक. खाली हिरव्या-पिवळ्या शेतांचे तुकडे, मेंढ्या, गवती छपराचे घर, पांढरे चर्च, आणि लाल पोंचो (डोके घालायला मधे भोक ठेवलेली घोंगडी) पांघरलेली तीसचाळीस माणसे, ज्यांतला एकही जण रिकामा बसलेला नाही. कोपऱ्यात चित्रकाराच्या नावाखाली ‘तिग्वा’ असे त्याच्या गावाचे नाव लिहिलेले होते. शाळेतून निवृत्त झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मावशी मला म्हणाली, “तुला स्पॅनिश येतं आणि मला चित्र वाचता येतं, दोघी मिळून तो डोंगर बघून येऊ या.” व्हिसा, तिकिटे आणि दोन ठिकाणी बदललेली विमाने यांत सांगण्यासारखे काही नाही. जूनच्या एका मंगळवारी रात्री आम्ही इक्वेडोरच्या राजधानीत, कीटोला उतरलो.

पहिला दिवस, बुधवार: कीटो

कीटो २,८५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही बाराशे मीटर वर. मावशीला रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे पहिल्या दिवशी दोनच ठिकाणे ठरवली होती आणि तेवढीच पुरेशी झाली.

सकाळी सान फ्रान्सिस्कोच्या चर्चमध्ये गेलो. या मठाच्या आवारात सोळाव्या शतकात सान आंद्रेस नावाची शाळा होती, जिथे फ्रान्सिस्कन साधू स्थानिक मुलांना अक्षरओळखीबरोबर गाणे, चित्रकला आणि मूर्तिकाम शिकवीत. पुढच्या दोन शतकांत कीटोची म्हणून जी चित्र-मूर्तींची शैली नावारूपाला आली, तिच्यामागे असे शिकलेले आणि बहुतेक वेळा निनावी राहिलेले हात होते. मुख्य वेदीवर बेर्नार्दो दे लेगार्दा याने १७३४ साली घडवलेली मेरी आहे. ती पंखांची आहे, तिच्या पायाखाली साप आहे, आणि सबंध शरीराला असा पीळ दिलेला आहे की मावशी बराच वेळ मान तिरकी करून पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “ही तर गिरकी घ्यायच्या बेतात आहे.” शहराच्या टेकडीवर दिसणारा अॅल्युमिनियमचा प्रचंड पुतळा हिचाच मोठा अवतार आहे, परंतु त्या आकारात ती गिरकी हरवली आहे.

दुपारी कोलोन रस्त्यावरच्या ओल्गा फिश यांच्या दुकानात गेलो, कारण तिग्वाच्या चित्रांची गोष्ट एका अर्थाने तिथे सुरू होते. हंगेरीत जन्मलेल्या या चित्रकार बाई १९३९ साली इक्वेडोरला आल्या, इथल्या लोककलेच्या प्रेमात पडल्या आणि गावोगावच्या कारागिरांकडून वस्तू घेऊ लागल्या. तिग्वाचे हुलिओ तोआकिसा त्यांच्याकडे सणांत वाजवायचे रंगीत ढोल विकायला आणत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फिशबाईंनी त्यांना सुचवले, की ढोलावरचे हेच चित्र सपाट लाकडी चौकटीवर कातडे ताणून काढून पाहावे. तोआकिसांनी ते केले, मग भावांना आणि मुलांना शिकवले, आणि शेजाऱ्यांनी पाहून पाहून उचलले. प्राचीन परंपरा म्हणून पर्यटकांना विकली जाणारी ही चित्रकला अशी जेमतेम पन्नास वर्षांची आहे.

हे ऐकून मावशी थबकली. साताऱ्याच्या भिंतीवरचे चित्र काचेमागे असल्यामुळे ते जाड कागदावर काढले असावे, अशीच तिची इतकी वर्षे समजूत होती. “म्हणजे मी अकरा वर्षं ढोलाचं पान भिंतीला टांगून ठेवलंय?” तिने विचारले, आणि त्यानंतरचा सगळा प्रवास आम्ही त्या एका प्रश्नाच्या मागे केला असे म्हणायला हरकत नाही.

उंचीबद्दल एक सूचना इथेच देते. कीटोत किमान एक पूर्ण दिवस काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तिग्वा ३,५०० मीटरच्या आसपास आहे आणि किलोतोआ या ज्वालामुखीचा काठ त्याहून चारशे मीटर वर. रात्रीचे जेवण हलके ठेवावे, पाणी पीत राहावे, आणि कितीही उत्साह असला तरी जिने सावकाश चढावेत.

दुसरा दिवस, गुरुवार: साकिसिली आणि पुहिली

गुरुवारी साकिसिलीचा बाजार असतो. तो एका जागी भरत नाही. गावातल्या वेगवेगळ्या चौकांत वेगवेगळा माल असतो, कुठे बटाटे, कुठे दोर आणि मडकी, कुठे कोंबड्या आणि पोत्यात चीं-चीं करणारे गिनीपिग. इथे गिनीपिग खातात, आणि वैदूही त्यांचा वापर करतात, त्याविषयी पुढे येईलच. सकाळी सातला हवेत एवढा गारठा होता की बायकांच्या फेल्टच्या टोप्यांखालून निघणारी वाफ दिसत होती. चित्रातले लाल, गुलाबी आणि गडद हिरवे रंग आपल्याला भडक वाटतात; परंतु या उंचीवरचे विरळ, लख्ख ऊन त्या पोंचोंवर आणि शालींवर पडलेले पाहिल्यावर चित्रकाराने रंग वाढवलेले नाहीत, तर जसे दिसतात तसेच लावले आहेत, हे मावशीने मान्य केले. शाळेत तिने मुलांना आयुष्यभर ‘रंगात थोडा राखाडी मिसळा’ असे शिकवले होते.

शाकाहारी माणसासाठी या बाजारात चोचोस आहेत. ती भिजवून कडूपणा काढलेली, वालासारखी दिसणारी चपटी पांढरी कडधान्ये असतात. त्यांवर कांदा-टोमॅटो, लिंबू आणि सोबत भाजलेला मका देतात. मावशीने दोन वाट्या खाल्ल्या. लाताकुंगाला बस बदलताना मात्र तिथली प्रसिद्ध आयुयास नावाची बिस्किटे घ्यायच्या आधी मी सहज चौकशी केली, तेव्हा विकणाऱ्या बाईने अभिमानाने सांगितले की त्यांत डुकराची चरबी असल्याशिवाय ती अशी खुसखुशीत होतच नाहीत. तेव्हा शाकाहारी असाल तर पावापासून सुपापर्यंत सगळीकडे विचारावे. लोक न चिडता सांगतात.

तो गुरुवार कॉर्पस क्रिस्तीचा होता. ख्रिस्ती पंचांगातला हा सण ईस्टरनंतर मोजून येतो आणि बहुधा मे अखेर किंवा जूनमध्ये पडतो. अँडीज पर्वतातल्या लोकांसाठी हेच दिवस सूर्याच्या आणि पिकाच्या उत्सवाचे होते, त्यामुळे दोन्ही सण एकमेकांत मिसळून गेले. लाताकुंगापासून जवळ असलेले पुहिली हे त्याचे मोठे केंद्र आहे. इथला दान्सान्ते म्हणजे नर्तक. त्याच्या डोक्यावर आरसे, मणी, नाणी आणि पिसे लावलेला उंच मुकुट असतो, पाठीवर भरजरी पट्टा लोंबतो, हातात छोटी तलवार असते आणि पोटऱ्यांना घुंगरांचे पट्टे बांधलेले असतात. तो जुन्या काळातल्या पाऊस मागणाऱ्या पुरोहिताचा वारस आहे, असे इथे मानतात.

आम्ही चौकात पोहोचलो तेव्हा प्रार्थना संपत आली होती. दार उघडले, आतून उदाचा वास आला आणि पायऱ्यांवर उभे असलेले पाच दान्सान्ते हलू लागले. एवढे ओझे डोक्यावर असताना उड्या मारता येत नाहीत. पाऊल जड पडते, अर्धे वळण होते, पुन्हा पाऊल, आणि आरशांतून सबंध चौकभर उन्हाचे कवडसे फिरतात. वाजवणारा माणूस एकच होता. डाव्या हातात त्याने तीन भोकांची पिंगुयो नावाची बासरी धरली होती आणि त्याच मनगटाला अडकवलेल्या ढोलावर तो उजव्या हातातल्या काठीने ठोके देत होता. मावशीने माझा दंड दाबला. ढोलाच्या पानावर, ठोका पडतो ती मधली जागा सोडून, गोलाकार माणसे रंगवलेली होती, आणि तीही नाचणारीच. ढोल नाचवीत होता आणि ढोलावर नाच चालला होता.

सणाचा खर्च प्रिओस्ते नावाचा मानकरी उचलतो. बँड, नर्तकांचे पोशाख, जेवण आणि दारू हे सगळे त्याच्याकडे असते. त्यासाठी लोक वर्ष-दोन वर्षे पैसे साठवतात, प्रसंगी कर्ज काढतात, आणि मग गावात त्यांना मान मिळतो. आपल्याकडच्या जत्रेतल्या मानकऱ्याचे जे सुख आणि जी ओढाताण असते, ती इथेही असावी, असे शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याच्या सुस्काऱ्यावरून वाटले. त्याचा मुलगा यंदाचा प्रिओस्ते होता. मोठी मिरवणूक पुष्कळदा सणाच्या मागच्या-पुढच्या शनिवार-रविवारी ठेवतात, त्यामुळे जाणाऱ्यांनी त्या वर्षाचा कार्यक्रम आधी विचारून घ्यावा.

तिसरा दिवस, शुक्रवार: तिग्वा

लाताकुंगाहून पश्चिमेकडे सुम्बाहुआच्या वाटेवर तिग्वा लागते. ‘गाव’ या शब्दाने जे डोळ्यांसमोर येते तसे ते नाही. पन्नासेक किलोमीटर घाट चढून गेल्यावर उतारांवर विखुरलेल्या वस्त्यांचा तो एक पट्टा आहे. मी बसच्या वाहकाला दोनदा सांगून ठेवले होते, तरी दाट धुक्यात तो आमचा थांबा विसरला आणि आठवण झाल्यावर त्याने आम्हांला तीन किलोमीटर पुढे, एका वळणावर उतरवले. पुढे काही दिसत नव्हते. पारामो म्हणतात तो हा उंचावरचा गवताळ प्रदेश; वारा, ओला गारठा आणि गुडघाभर पिवळे गवत. मावशी वीस पावले चालायची आणि थांबायची. धुक्यातून आधी मेंढ्यांचा आवाज आला, मग मेंढ्या, मग लोकर कातत चाललेली एक मुलगी. तिने आम्हांला विचारले, “चित्रांसाठी?” आणि आम्ही हो म्हटल्यावर रस्त्याकडे हात करून थांबायला सांगितले. दहा मिनिटांनी वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करणारा छोटा टेम्पो आला, आणि कॅनच्या मधोमध उभ्या राहून आम्ही तिग्वात प्रवेश केला.

ज्या चित्रकाराच्या घरी गेलो त्यांचे नाव इथे देत नाही. लोक त्यांना ताइता म्हणतात, म्हणजे बाबा, आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. पन्नाशीचे, बुटके, नखांच्या कडेला कायमचा निळा रंग. त्यांनी पहिल्यांदा आम्हांला चुलीशी बसवले. त्यांच्या पत्नीने बटाट्याचे दाट सूप, उकडलेल्या मोठ्या शेंगदाण्यांसारख्या हिरव्या बिया, आणि साखर घातलेले एक खमंग पीठ दिले, जे जिभेवर ठेवताच मावशी म्हणाली, “अगं, हे तर सातूचं पीठ!” तसेच होते. भाजलेल्या जवाचे हे पीठ इथे माचिका म्हणून ओळखतात. दुधात कालवून किंवा कोरडेच खातात, आणि शेतावर जाणारा माणूस ते पुरचुंडीत बांधून नेतो. मग मी भाषांतर करणे थांबवले, कारण पिठाच्या कृतीबद्दल त्या दोघींचे हातवाऱ्यांनीच चालले होते.

धुके विरले तसे काम अंगणात आले. मेंढीचे कातडे भिजवून त्यावरची लोकर काढून टाकतात आणि ओले असतानाच ते लाकडी चौकटीवर ओढून खिळ्यांनी ठोकतात. उन्हात वाळताना ते आपोआप ताणले जाते. कुठे ताण कमी-जास्त पडला तर वाळल्यावर चौकटच पिळवटते, म्हणून हे काम ताइता कोणावर सोपवत नाहीत. त्यावर रंगाचा एक हात, मग आभाळ, मग डोंगर, मग शेते, आणि सगळ्यांत शेवटी माणसे. रंग दारे-खिडक्यांना लावायचा डब्यातला चकचकीत एनॅमल. बारीक कामाला कोंबडीचे पीस: टोकाशी चारदोन तंतू ठेवून बाकीचे काढून टाकतात आणि त्या टोकाने मेंढीच्या डोळ्यापासून पोंचोच्या किनारीपर्यंत सगळे टिंबाटिंबांनी भरतात. शेवटी लाकडी चौकटीवरही फुले किंवा नागमोडी पट्टे येतात, त्यामुळे चित्र कुठे संपते आणि चौकट कुठे सुरू होते ते सांगता येत नाही.

ताइतांनी एक तयार चित्र उचलले, बोटाने त्यावर टिचकी मारली आणि कान जवळ नेला. ढब्ब असा भरीव आवाज आला. शेजारच्या चित्रावर मारली, तो थोडा चढा होता. “हे अजून वाजतं,” ते म्हणाले. त्यांचे वडील ढोल करीत, वडिलांचे वडीलही. चित्रकार हा शब्द त्यांच्या घरात त्यांच्यापासून सुरू झाला.

आतल्या खोलीत तीसेक चित्रे होती आणि मावशीने ती एकेक करून वाचायला सुरुवात केली. तिची पद्धत मला आवडली, म्हणून सांगते. ती आधी ‘वर काय आहे’ ते पाहत होती, कारण वर नेहमी डोंगर आणि आभाळ असते. कोतोपाक्सी या बर्फाच्या ज्वालामुखीला पुष्कळदा तोंड असते, कारण तो इथे निसर्गदृश्य नसून वडीलधारा आहे. मग मधला पट्टा, जिथे गाव असते. मग खाली, जिथे ज्यासाठी चित्र काढले ती गोष्ट घडत असते. दूरची माणसे लहान आणि जवळची मोठी, एवढा नियम साधारण पाळलेला असतो, पण वेळ मात्र एकच नसते: एकाच उतारावर पेरणी आणि कापणी चाललेली असते, एका बाजूला लग्न लागते आहे आणि दुसऱ्या बाजूला तिरडी निघाली आहे. एका चित्रात ख्रिस्तजन्माची रात्र होती. बाळ येशूला घेऊन निघालेली मिरवणूक, वाघ आणि माकडांचे लाकडी मुखवटे घातलेले सोंगाडे, बँड, आणि कोपऱ्यात दारू पिऊन आडवा झालेला एक माणूस, ज्याला त्याची बायको शालीने झाकत होती. दुसऱ्यात २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस: थडग्यांवर मांडलेले जेवण, बाहुलीच्या आकाराचे पाव, आणि रडणे व खाणे एकाच वेळी. तिसऱ्यात आजाऱ्याच्या अंगावरून गिनीपिग फिरवणारा वैदू, आणि त्याच झोपडीच्या भिंतीवर क्रूस. धार्मिक प्रसंग आणि गावचे जीवन असे दोन कप्पे करणाऱ्यांनी या खोलीत एक तास बसावे. मला तरी एकही चित्र पूर्णपणे एका कप्प्यात ठेवता आले नाही.

कॉन्डोर गिधाडाची कथा बहुतेक प्रत्येक चित्रकार काढतो. ताइतांनी ती अशी सांगितली: माळावर एकटीच मेंढ्या राखणाऱ्या मुलीकडे काळा पोंचो आणि पांढरा गळपट्टा घातलेला एक तरुण रोज येऊ लागला. एकदा खेळता खेळता त्याने तिला पाठीवर घेतले आणि उडाला. कड्यावरच्या गुहेत तिला कच्चे मांस खावे लागले आणि हळूहळू हातांना पिसे फुटू लागली. आई-बापांनी तिला सोडवून आणले आणि रांजणात लपवले. कॉन्डोर घरावर घिरट्या घालत राहिला. रांजण उघडला तेव्हा आतून पक्षीण निघाली आणि त्याच्याबरोबर गेली. मी विचारले, ही दुःखाची गोष्ट आहे की सुखाची? ताइता म्हणाले, “मुलीच्या आईसाठी की मुलीसाठी?”

वारलीचा विषय मावशीनेच काढला. १९७०च्याच दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे भिंतीवरून कागदावर आले होते, हे तिने मला ताइतांना सांगायला लावले आणि मोबाइलवर चित्रे दाखवली. ताइतांनी गोल फेर धरून नाचणारी माणसे आणि मधला तारपा वाजवणारा बराच वेळ पाहिला, आणि रंग नाहीत याचे त्यांना नवल वाटले. योगायोग विलक्षण आहे, तरी मला वाटते तो फार ताणू नये. वारली लग्नचौक सुवासिनी काढत, तो भिंतीवर राहत असे आणि लग्नाबरोबर त्याचे काम संपत असे. तिग्वाचा ढोल मुळातच हातात धरून मिरवायचा, विकता येण्याजोगा होता. तो चौकटीत गेला तेव्हा त्याने आकार बदलला, मात्र कातडे तेच ठेवले.

पैशाची बाजूही ताइतांनी मोकळेपणाने सांगितली. त्यांच्या आजोबांच्या पिढीला मोठ्या जमीनदाराच्या हासिएंदावर तुकडाभर जमिनीच्या बदल्यात राबावे लागे. १९६४ आणि १९७३च्या जमीन सुधारणा कायद्यांनंतर लोकांच्या वाट्याला आली ती बरीचशी उभ्या उताराची, वाऱ्याने खरवडलेली जमीन. पुरुष मजुरीसाठी शहरात जाऊ लागले. चित्रे विकली जाऊ लागल्यावर काही जणांना घरी राहता आले, आणि काही जण चित्रे विकण्यासाठीच कीटोत स्थायिक झाले. ताइतांच्या थोरल्या मुलीने रंगवलेली चित्रे मला सर्वांत आवडली. तिच्या चित्रांत स्वयंपाकघराची भिंत कापून आतले दाखवलेले असते.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे: चित्र उलटे करून पाहावे, अस्सल कातडे मागून अर्धपारदर्शक असते, त्यावर केसांची छिद्रे आणि कधी शिरांच्या रेषा दिसतात. टिचकी मारून पाहावी. मागे पडलेल्या सुरकुत्या चालतात, पुढे रंगाला तडे गेलेले नकोत. गुंडाळायला जाऊ नये. चौकटीसकट दोन पुठ्ठ्यांत बांधून हातातल्या सामानात न्यावे. आम्ही थोरल्या मुलीचे हात-दीड हात लांबीचे चित्र घेतले आणि सांगितली ती किंमत दिली. इक्वेडोरमध्ये २००० सालापासून अमेरिकी डॉलरच चालतो, परंतु खेड्यात मोठ्या नोटेचे सुटे मिळत नाहीत, म्हणून पाच-दहाच्या नोटा बरोबर ठेवाव्यात.

चौथा दिवस, शनिवार: सुम्बाहुआ आणि किलोतोआ

रात्र ताइतांच्या शेजारच्या घरी काढली. तीन ब्लँकेटे होती आणि तीही कमी पडली. शनिवारी सुम्बाहुआला बाजार असतो. साकिसिलीपेक्षा तो लहान आहे आणि त्यात आमच्यासारखे परके कमी होते. शिवणयंत्र घेऊन बसलेला शिंपी, पुढ्यात कातरी मांडलेला न्हावी, कांद्याच्या पातीचे भारे वाहणारे लामा नावाचे प्राणी, आणि त्या सगळ्यांच्या मधून वाट काढणारी शाळकरी पोरे. मी छायाचित्र काढायच्या आधी विचारले आणि दोनदा नकार मिळाला. मावशी मात्र पायरीवर बसून वहीत रेखाटू लागली तेव्हा तिच्याभोवती पंधरा मुले जमली आणि प्रत्येकाला आपले तोंड वहीत हवे होते. ज्यांना थोडेफार चित्र काढता येते त्यांनी कॅमेऱ्याऐवजी पेन्सिल न्यावी.

तिथून किलोतोआ अर्ध्या तासावर आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकानंतर डोंगराचा माथा खचला आणि तीन किलोमीटर रुंदीच्या त्या खड्ड्यात तळे साचले. काठावर पोहोचलो तेव्हा धुक्याशिवाय काही नव्हते. वीस मिनिटांनी वाऱ्याने पडदा सारला आणि चारशे मीटर खाली हिरवे पाणी दिसले. तेही एका रंगाचे नव्हते. ढगांच्या सावल्या सरकतील तसे ते मोरपिशी, मग राखट, मग पुन्हा हिरवे होई. तिग्वाच्या चित्रांत हे तळे पुष्कळदा येते आणि नेहमी एकच सपाट हिरवा-निळा असते. मावशी म्हणाली, “एनॅमलमध्ये हे जमणार नाही. बरंय, काहीतरी मागे राहिलं.”

मी खाली उतरले, मावशी काठावर राहिली. उतरायला पाऊण तास लागला आणि भुसभुशीत वाळूतून चढून यायला दोन तास; शेवटच्या टप्प्यात खेचरावर बसून गेलेल्या एका कुटुंबाकडे मी असूयेने पाहिले. ज्यांना खात्री नाही त्यांनी खेचर खालीच ठरवून घ्यावे. वर आले तेव्हा मावशी एका खानावळीत दालचिनी आणि नारानहिया नावाच्या आंबट फळाचे गरम पेय पीत बसली होती. त्यात उसाची दारू घालतात. ती न घालता द्या, असे तिने माझ्याशिवाय आणि स्पॅनिशशिवाय कसे सांगितले, ते तिने मला अजून सांगितलेले नाही.

पाचवा दिवस, रविवार: पुन्हा कीटो

एल एहिदो उद्यानाच्या कडेला शनिवार-रविवारी चित्रे मांडतात. पहिल्या दिवशी आलो असतो तर सगळी तिग्वाची चित्रे सारखीच वाटली असती. आता मावशी दुरूनच सांगू लागली, की हे घाईने केलेले आहे, यातली माणसे एकाच ठशाची आहेत, हा डोंगर पाहून काढलेला नाही. काही ठिकाणी ‘तिग्वा’ लिहिलेले कागदावरचे छापीव चित्रही होते. सरसकट नकला म्हणून नावे ठेवणे मला मात्र जड जाते. दिवसाला चार लहान चित्रे खपली तरच ज्याचे भाडे निघते, त्याने कॉन्डोरची गोष्ट शंभराव्यांदा काढली म्हणून काय बिघडले?

एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मात्र गठ्ठ्याच्या तळातून जे काढले ते वेगळे होते. रस्त्यावर पसरलेली झाडे आणि दगड, मागे अडकलेले ट्रक, वर नेहमीचा बर्फाचा डोंगर, आणि खाली लाल पोंचोंचा लोंढा, पुढच्या रांगेत इंद्रधनुष्यी झेंडा. ते १९९० सालचे आदिवासींचे देशव्यापी आंदोलन होते. मे महिन्याच्या अखेरीस कीटोतले सान्तो दोमिंगोचे चर्च ताब्यात घेऊन त्याची सुरुवात झाली आणि जूनमध्ये जमिनीच्या मागणीसाठी पर्वतभरातले रस्ते बंद झाले. पुढे चाललेल्या माणसांत एकाने ढोल गळ्यात घातला होता. मावशीने चष्मा काढून चित्राला नाक लावले. त्या नखाएवढ्या ढोलाच्या पानावर, पिसाच्या एका तंतूने, तीन टिंबे दिलेली होती. म्हातारा म्हणाला की ती नाचणारी माणसे आहेत. ते चित्र विकायचे नव्हते. त्याने ते नुसते दाखवायला काढले होते आणि पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी ठेवले.

सातारा

परतल्यावर मावशीने पहिले काम केले ते म्हणजे जुन्या चित्राची काच काढून टाकली आणि नवे चित्र त्याच्या शेजारी उघडेच लावले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची झड लागली आणि तिचा घाबराघुबरा फोन आला, की चित्र मधोमध सैल पडून लोंबायला लागले आहे, टिचकी मारली तर आवाजच येत नाही. मी ताइतांच्या मुलीला निरोप पाठवला. तिचे उत्तर आले की कातडे आहे, ओले झाले की झोपते, ऊन पडले की उठेल, आगीजवळ मात्र नेऊ नका. मावशी म्हणाली, “आमच्याकडे हलगी शेकतात, पण तिच्यावर कोणी गाव काढलेलं नसतं.” ऑक्टोबरच्या उन्हात ते पुन्हा ताणले गेले. काल तिने फोन चित्राजवळ धरून मला त्याचा आवाज ऐकवला. नवे चित्र जुन्यापेक्षा थोडे खाली बोलते.